नक्कल कीं भाषांतर ?

दहावीच्या शास्त्रविषयासंबंधीं सुशिक्षित घरांतून सध्यां दोन मतें ऐकूं येतात, आणि दोन्ही आम्हांस सारखींच घातक वाटतात. पहिलें मत असें कीं, पेशी डी.एन.ए.वरून प्रथिनें कशीं तयार करते हा भाग पंधरा वर्षांच्या मुलांस झेपण्यासारखा नाहीं. तो अभ्यासक्रमांतून काढावा आणि मुलांच्या पाठीवरचें ओझें हलकें करावें. दुसरें मत असें कीं, भाग आहे तो ठीकच आहे. व्याख्या पाठ कराव्या, आकृतीला नांवें द्यावीं, गुण पदरांत पाडून घ्यावे आणि पुढें जावें. पहिल्या पक्षास शास्त्र नको आहे. दुसऱ्या पक्षास शास्त्राचे गुण तेवढे हवे आहेत. वरवर पाहतां हे पक्ष परस्परांचे शत्रु दिसतात. वस्तुतः मुलाला कांहीं समजलें पाहिजे ही अपेक्षा दोघांनींही सोडलेली आहे. आमचें म्हणणें दोघांच्याही विरुद्ध आहे. हा भाग राहिला पाहिजे, आणि तो शिकविण्याची आजची रीत मात्र मुळापासून बदलली पाहिजे.

'झेपत नाहीं, तर काढा' हा न्याय आतां केवळ दिवाणखान्यांतला राहिलेला नाहीं. २०२३ सालीं राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग ओझें कमी करण्याच्या नांवाखालीं वगळला गेला, आणि देशांतील अनेक शास्त्रज्ञांना व शिक्षकांना त्याविरुद्ध उघड पत्र काढावें लागलें. आपल्या राज्याच्या पुस्तकानें उलट वाट धरली होती. बालभारतीनें २०१८ सालीं काढलेल्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पुस्तकाच्या दुसऱ्या भागांत, 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या पहिल्याच प्रकरणांत, प्रतिलेखन, भाषांतरण व स्थानांतरण या तीन क्रिया मराठींत मांडल्या गेल्या. ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय होती. धडा छापला गेला हा दोष नव्हे. छापलेल्या धड्याचें वर्गांत आणि परीक्षेंत पुढें जें होतें, त्याबद्दल आमची तक्रार आहे.

वाद हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांपुढें धरूं. भाईंदरच्या पश्चिमेस, वसईच्या खाडीच्या मुखाशीं, चौक नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. वसईच्या मोहिमेंत ज्या धारावीच्या किल्ल्यासाठीं मराठे व पोर्तुगीज झुंजले, तो येथल्याच टेकडीवरचा. खाडीपलीकडे १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं घेतलेला वसईचा कोट. आज हें गांव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत मोडतें. चौक, पाली, उत्तन या किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळ्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरांतली बोली मराठीचीच. पावसाळा सरला कीं या किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतात. ओल्या बोंबलाचा बहुतेक भाग पाणीच. तें उन्हानें उडून गेलें म्हणजे जें हलकें व कडक असें मागें राहतें, त्यांतला मोठा हिस्सा प्रथिनाचा. प्रथिन हा पदार्थ चौकच्या मुलानें अशा रीतीनें जन्मापासून पाहिलेला, हाताळलेला आणि खाल्लेला आहे. पुणें-मुंबईच्या कोणत्याही प्रयोगशाळेनें याहून चांगलें साहित्य पुरविलें नसतें.

आतां दहावीची परीक्षा चांगल्या गुणांनीं उतरलेल्या अशा मुलास एकच प्रश्न विचारावा : "रोज बोंबील खाऊनही माणसाचा बोंबील कां होत नाहीं?" प्रश्न बालिश वाटेल, पण प्रथिनांसंबंधीं याहून नेमका प्रश्न आम्हांस सुचत नाहीं. ज्या मुलानें नुसतें पाठांतर केलें आहे, त्याला 'प्रथिनें शरीराच्या वाढीस आवश्यक असतात' हें वाक्य येतें, 'डी.एन.ए.पासून आर.एन.ए. व आर.एन.ए.पासून प्रथिन' हेंही येतें. परंतु हीं दोन वाक्यें त्याच्या डोक्यांत दोन निरनिराळ्या कप्प्यांत पडून असतात. पहिलें आहाराच्या धड्यांतलें, दुसरें आनुवंशिकतेच्या. त्यांची गांठ कधीं पडतच नाहीं.

गांठ पडली असती तर उत्तर सोपें होतें. बोंबलाचें प्रथिन आतड्यांत जसेंच्या तसें शोषलें जात नाहीं. त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्लें सुटीं होतात. हीं आम्लें वीस प्रकारचीं, आणि बोंबलांत जीं वीस तींच माणसांत, तींच भाताच्या लोंबींत. फरक आम्लांत नाहीं, त्यांच्या क्रमांत आहे. एकाच खिळ्यांच्या पेटींतून आज पंचांग छापतां येतें, उद्यां लग्नपत्रिका. तशींच बोंबलाच्या अंगचीं आम्लें घेऊन आपली पेशी आपल्या क्रमानें आपलें प्रथिन जुळविते. तो क्रम कोठें लिहिलेला असतो? डी.एन.ए.मध्यें. ही एक गोष्ट मुलाच्या मनांत उतरली, कीं वरणभाताचा अर्थही त्याला आपोआप कळतो. तांदळांत लायसिन हें आम्ल कमी, डाळींत मेथिओनिन कमी. दोहोंची एकमेकांस जोड मिळाली म्हणजे जुळणाराच्या पेटींत कोणताच खिळा कमी पडत नाहीं.

पेशी ही जुळणी करते तरी कशी? जुन्या दफ्तरखान्याचा दाखला घेतला म्हणजे घोंटाळा राहत नाहीं. मूळ कागद दफ्तराबाहेर जात नाहीं. ज्याला हवा त्याला नक्कल मिळते. पेशीचें दफ्तर म्हणजे तिचें केंद्रक, आणि मूळ कागद म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला डी.एन.ए.चा लांबलचक लेख. ज्या प्रथिनाची गरज असेल त्याच्या कलमापुरती नक्कल आर.एन.ए.वर उतरते, टी या अक्षराच्या जागीं यू येतें, बाकी लिपि तीच. हें प्रतिलेखन. ही नक्कल केंद्रकाबाहेर येऊन रायबोसोम नांवाच्या यंत्राच्या हातीं पडते. येथपर्यंत भाषा बदललेली नाहीं. खरी नवलाची गोष्ट यापुढची आहे. रायबोसोम नकलेंतील अक्षरें तीन-तीनांच्या गटानें वाचतो. प्रत्येक गट ओळखणारा एक लहानसा आर.एन.ए. असतो, त्याच्या एका अंगाला त्या गटाशीं जुळणारीं तीन अक्षरें आणि दुसऱ्या टोकाला एक ठराविक अमिनो आम्ल. दोन्ही भाषा जाणणारा दुभाषा तो हाच. त्याचें आम्ल साखळींत जोडलें जातें, रायबोसोम तीन अक्षरें पुढें सरकतो, मोकळा झालेला दुभाषा निघून जातो आणि दुसरा येतो. असें करीत करीत 'थांब' सांगणारा गट येईपर्यंत साखळी वाढत जाते. असे एकंदर ६४ गट. त्यांपैकीं ६१ आम्लें सांगतात, ३ थांबावयास सांगतात. रक्तांतील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळींत १४६ आम्लें असतात. सेकंदास सुमारें पांच आम्लें या मानवी पेशीच्या गतीनें ती अर्ध्या मिनिटांत विणून होते.

वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, या सर्व खटाटोपांत नक्कल ही केवळ पहिली पायरी आहे. नकलेवर काम थांबलें तर पेशींत नकलांचा ढीग पडेल, पण प्रथिनाचा एक कणही तयार होणार नाहीं. चार अक्षरांच्या भाषेंतला मजकूर वीस आम्लांच्या भाषेंत उतरला, म्हणजे त्याचें भाषांतर झालें, तरच त्यांतून स्नायु, रक्त, केस, नख निर्माण होतें.

आणि आमच्या शाळेंत काय घडतें? पुस्तकांतलें वाक्य फळ्यावर येतें, फळ्यावरून वहींत जातें, वहींतून उत्तरपत्रिकेवर उतरतें. तीन ठिकाणीं तीन नकला. भाषांतर कोठेंही नाहीं. ज्या धड्यांत निसर्ग बजावून सांगतो कीं नकलेनें भागत नाहीं, तोच धडा आम्हीं नकलेचा उत्तम नमुना करून ठेविला आहे. शब्दांकडेच पाहा. 'भाषांतर' हा शब्द मराठी घरांत कोणाला अपरिचित आहे? परंतु पुस्तकांत आला तो 'भाषांतरण' होऊन. एक 'ण' लागला आणि ओळखीचा शब्द पाहुणा झाला! मूल 'भाषांतर' ऐकतांच विचारतें, "कोणत्या भाषेंतून कोणत्या भाषेंत?" आणि हा प्रश्न पडला कीं अर्धा धडा झाला. 'भाषांतरण' ऐकून तें कांहीं विचारीत नाहीं. पाठ करूं लागतें.

दुसरें उदाहरण याहूनही बोलकें आहे. या सर्व क्रियेला पुस्तकांतून 'सेंट्रल डोग्मा' असें नांव दिलेलें असतें. हें नांव फ्रान्सिस क्रिक यांनीं १९५७ सालच्या एका व्याख्यानांत योजिलें. 'डोग्मा' म्हणजे प्रमाण न मागतां मानावयाचा सिद्धांत, हा त्या शब्दाचा रूढ अर्थ आपण नीट ध्यानांत घेतला नव्हता, असें क्रिक यांनींच पुढें सांगून टाकलें. त्यांचें मूळ म्हणणें इतकेंच होतें कीं, माहिती एकदां प्रथिनांत उतरली म्हणजे तेथून ती परत बाहेर पडत नाहीं. त्याचें संक्षिप्त सूत्र करतां करतां 'डी.एन.ए.पासून आर.एन.ए., आर.एन.ए.पासून प्रथिन' असा एक मंत्र उरला. आणि १९७० सालीं कांहीं विषाणूंत आर.एन.ए.वरून उलट डी.एन.ए. तयार होतो असें टेमिन व बाल्टिमोर यांनीं दाखविलें, तेव्हां मंत्र पाठ करणारांस तो अपवाद वाटला, विचार करणारांस वाटला नाहीं. चौकच्या ख्रिस्ती घरांत मुलें धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ करितात. हिंदु घरांत रामरक्षा पाठ करितात. तेथें तें शोभतें, कारण श्रद्धेची गोष्ट श्रद्धेनें घ्यावयाची असते. परंतु ज्या शास्त्राचा जीवच 'कशावरून?' या प्रश्नांत आहे, त्याला तीच पद्धति लाविली म्हणजे श्रद्धेचाही मान राहत नाहीं आणि शास्त्राचाही.

'कशावरून?' हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला पेलत नाहीं, असें म्हणणारांस आम्ही तीन गोष्टी दाखवूं इच्छितों. पहिली गोष्ट निव्वळ अंकगणिताची. अक्षरें चार, सांगावयाचीं आम्लें वीस. एकेका अक्षराचा शब्द केला तर चारच शब्द होतात. दोन-दोन अक्षरांचे केले तर सोळा. वीस आम्लांना तेही अपुरे. तीन-तीनांचे केले तर चौसष्ट. म्हणजे पुरून उरतात. जॉर्ज गॅमॉ या पदार्थविज्ञानवेत्त्यानें १९५४ सालीं हा विचार मांडला, तेव्हां त्याच्या हातीं कागद-पेन्सिलीपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. आठवीच्या मुलाला यांत अडचण ती कोणती?

दुसरी गोष्ट निरेनबर्ग व मथाय यांच्या १९६१ सालच्या प्रयोगाची. त्यांनीं यू हें एकच अक्षर पुन्हां पुन्हां येईल असा आर.एन.ए. घेतला आणि फोडलेल्या जिवाणूंच्या रसांत टाकला. साखळी तयार झाली ती केवळ फेनिलॲलनिन या एकाच आम्लाची. म्हणजे यू-यू-यू याचा अर्थ फेनिलॲलनिन! परकी भाषा शिकतांना लहान मूल पहिला शब्द असाच ओळखतें.

तिसरी गोष्ट हरगोविंद खुराना यांची. आतां पाकिस्तानांत असलेल्या पंजाबांतल्या रायपूर नांवाच्या खेड्यांत, पटवाऱ्याच्या घरीं, १९२२ सालीं जन्मलेला हा मुलगा पहिलीं चार वर्षें झाडाखालीं भरणाऱ्या शाळेंत शिकला. पुढें अमेरिकेंत त्यांनीं ठराविक क्रमाचे आर.एन.ए. तयार करून दाखविले. यू आणि सी हीं दोन अक्षरें आलटून पालटून असलेला धागा घेतला, तर साखळींत सेरिन आणि ल्युसिन हीं दोन आम्लें आलटून पालटून आलीं. कां? वाचकांनीं कागदावर यू-सी-यू-सी-यू-सी असें लिहून तीन-तीनांचे गट पाडून पाहावे : यू-सी-यू, सी-यू-सी, पुन्हां यू-सी-यू. दोन गट, दोन आम्लें. शब्द दोन अक्षरांचा असता तर एकच गट पुनः पुनः आला असता आणि साखळी एकाच आम्लाची झाली असती. १९६८ सालच्या नोबेल पारितोषिकाचे खुराना हे एक मानकरी झाले. त्यांचें नांव व सन आमचीं मुलें पाठ करितात. त्यांनीं काय केलें तें दहा मिनिटांत कागदावर करून पाहण्यासारखें असून कोणी करून पाहत नाहीं. झाडाखालच्या शाळेंतून गेलेल्या माणसाचें काम चार भिंतींच्या शाळेला अवघड वाटावें, ही आमची शरमेची गोष्ट आहे.

आक्षेप घेणारे आतां आपला खरा हुकमी पत्ता टाकतील. "हें सगळें खरें, पण कोळ्याच्या पोराला याचा उपयोग काय?" आमच्या वाचकवर्गांतील किती गृहस्थांनीं हा प्रश्न स्वतःच्या मुलाविषयीं विचारला आहे? स्वतःच्या मुलाला वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेसाठीं हाच भाग हजारों रुपयांची शिकवणी लावून घोटून घ्यावयाचा, आणि दुसऱ्याच्या मुलाच्या बाबतींत मात्र उपयोगाची चौकशी करावयाची, हा दुटप्पीपणा आहे. चौकहून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस गेलें कीं वर्सोव्यास केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था लागते. तेथें माशांच्या जनुकांचाच अभ्यास चालतो. ज्यानें समुद्र पाहिला आहे, मासा हातानें चिरला आहे, त्याला त्या संस्थेच्या दाराशीं जाण्याचा अधिकार आमच्याहून कमी कसा? डी.एन.ए.च्या इतिहासांतही माशाचें स्थान जुनें आहे. फ्रीड्रिश मीशर या स्विस शास्त्रज्ञानें १८६९ सालीं जखमेच्या पट्ट्यांवरील पुवांतून हा पदार्थ प्रथम वेगळा केला, आणि पुढें ऱ्हाइन नदींतल्या सामन माशांच्या नरबीजांतून तो विपुल मिळविला.

परंतु उपयोगच पाहावयाचा असेल तर तोही पाहूं. आणि येथें प्रश्न नोकरीचा नसून जिवाचा आहे. मराठी माणसाला 'ध चा मा' हा वाक्प्रचार समजावून सांगण्याची गरज नाहीं. नारायणराव पेशव्यांस 'धरावें' असें असलेल्या कागदांत एक अक्षर फिरलें, 'मारावें' असें झालें, आणि १७७३ सालीं शनिवारवाड्यांत खून पडला, अशी आख्यायिका आहे. त्या आख्यायिकेचें खरेंखोटें इतिहासकारांनीं ठरवावें. आम्ही ज्या 'ध चा मा'विषयीं बोलत आहों तो मात्र आजही सहस्रावधि घरांत चालूं आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळींतील सहावें आम्ल सांगणारा गट जी-ए-जी असा आहे. त्याचा अर्थ ग्लुटॅमिक आम्ल. मधलें एक अक्षर फिरून तो जी-यू-जी झाला कीं अर्थ होतो व्हॅलिन. पहिलें आम्ल पाण्याशीं मिळून वागणारें, दुसरें पाण्यापासून अंग चोरणारें. एवढ्या फरकानें, प्राणवायु सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणु एकमेकांस चिकटून लांब काड्या बनतात, गोल रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. हाच सिकलसेल. १९४९ सालीं लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा हिमोग्लोबिनच्या रेणूंतला रोग आहे असें दाखविलें, आणि व्हर्नन इंग्रॅम यांनीं त्यानंतर थोड्याच वर्षांत दोष एका आम्लावर आणून ठेविला.

हा रोग परदेशचा नव्हे. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट येथें, भिल्ल, पावरा, गोंड, माडिया यांच्या वस्त्यांतून तो आहे. विदर्भांतील इतर कांहीं समाजांतही आहे. आणि मीरा-भाईंदरच्या खाडीपलीकडे लागणाऱ्या पालघर जिल्ह्यांतही आहे. १ जुलै २०२३ रोजीं केंद्र सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ हें तिचें उद्दिष्टवर्ष आहे आणि सात कोटि लोकांची तपासणी तींत योजिलेली आहे. उत्तम! पण तपासणीचा कागद हातीं आल्यावर तो वाचावयाचा कोणी? 'वाहक' या शब्दाचा अर्थ ज्यास कळत नाहीं, तो त्या कागदाला कलंक समजतो. आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणांत मूल रोगी निघण्याचा संभव चारांत एक. यांत बापाचा वांटा आईइतकाच. हें न कळणाऱ्या घरांत दोष सुनेच्या कपाळीं जातो, किंवा देवीच्या कोपावर. ज्या मुलीनें वर्गांत स्वतःच्या हातानें कागदाच्या पट्टीवरचें एक अक्षर बदलून साखळींतला मणि बदललेला पाहिला आहे, तिला हा दोष कोणी सहजासहजीं चिकटवूं शकणार नाहीं. मध्यमवर्गानेंही यांत आपण सुरक्षित आहों असें मानूं नये. थॅलसेमिया हाही हिमोग्लोबिनचाच रोग; बीटा साखळी कमी बनली किंवा मुळींच बनली नाहीं म्हणजे त्याचा एक प्रकार होतो, आणि तो शहरांतल्या सुस्थित कुटुंबांतूनही आढळतो. लग्न जुळवितांना छत्तीस गुण मोजणाऱ्या आमच्या घरांत दोन थेंब रक्त तपासण्याची गोष्ट काढली कीं अपमान वाटतो!

दुसरा दाखला २०२१ सालचा आहे. लशीनें माणसाचीं जनुकें बदलतात, ही अफवा त्या वर्षीं किती शिकलेल्या घरांत फिरली, तें वाचकांना सांगावयास नको. पुण्यांत तयार झालेली कोविशिल्ड आपल्यापैकीं बहुतेकांनीं घेतली. तींत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूबरोबर करोनाच्या काटेरी प्रथिनाचा डी.एन.ए.तील मजकूर आपल्या पेशींत पोंचविला जातो. केंद्रकांत त्याची नक्कल होते, रायबोसोमवर भाषांतर होतें, आणि तयार झालेलें प्रथिन पाहून शरीर शत्रूची ओळख पटवून घेतें. मजकूर आपल्या मूळ दफ्तराला शिवला जात नाहीं. जून २०२२ मध्यें पुण्याच्याच जेनोव्हा कंपनीच्या लशीस परवानगी मिळाली. तींत थेट आर.एन.ए.ची नक्कलच दिली जाते, ती केंद्रकांत जात नाहीं आणि थोड्याच काळांत विरून जाते. दहावीच्या धड्यांतला शब्द न् शब्द आपल्या दंडांत प्रत्यक्ष घडत होता, आणि तो धडा पाठ केलेले तरुण भ्रमणध्वनीवरून आलेली अफवा पुढें पाठवीत होते. हीही नक्कलच!

शिक्षकांवर खापर फोडणें सोपें आहे. आम्ही तें करणार नाहीं. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतचीं कामें, आणि वर्षाच्या शेवटीं निकालाची तलवार. यांत जो शिकवितो त्याचेंच नवल. पण वेळ नाहीं ही सबब या भागापुरती खरी नाहीं. यास लागतें काय? कागदाच्या पट्ट्या, वीस रंगांचे मणि आणि संकेतांचा एक तक्ता. वर्गाच्या एका कोपऱ्याला केंद्रक म्हणावें. एका मुलानें तेथें बसून मूळ पट्टीची नक्कल उतरावी. दुसऱ्यानें ती बाहेर न्यावी. कांहींजणांनीं दुभाषे होऊन आपापला मणि आणावा. एकानें माळ ओंवावी. मग शिक्षकानें गुपचूप एक अक्षर बदलावें. पुढच्या खेपेस एक अक्षर अजीबात गाळावें. मोडी वाचणारांस ठाऊक आहे कीं त्या लिपींत शब्द तोडून लिहीत नाहींत. तोड चुकली कीं ओळच्या ओळ निरर्थक होते. तसेंच एक अक्षर गळतांच पुढचे सारे गट फिरतात आणि माळ भलतीच होते, हें मुलांना दिसेल. यास दोन तासिका पुरतात. तिसऱ्या तासिकेस केळें कुसकरून त्यांत साबणाचें व मिठाचें पाणी घालावें, तें गाळून वर गार स्पिरिट सोडावें. पांढरे तंतु वर येतात. एके काळीं मिठागरांसाठीं प्रसिद्ध असलेल्या भाईंदरच्या परिसरांत एवढें मीठ मिळण्यास हरकत नसावी.

आमची मुख्य मागणी मात्र परीक्षा मंडळाकडे आहे, कारण परीक्षा जें विचारते तेंच शाळा शिकविते. शास्त्राच्या या भागाची प्रश्नपत्रिका चाळीस गुणांची असते. तींत 'व्याख्या लिहा', 'टीप लिहा', 'गाळलेल्या जागा भरा' यांऐवजीं एकदां तरी पुस्तकांत नसलेली बारा अक्षरांची पट्टी द्यावी, सोबत संकेतांचा तक्ता द्यावा, आणि म्हणावें : "याचें भाषांतर करा, सातवें अक्षर बदललें तर काय होईल तें सांगा." तक्ता पुढें ठेविलेला असल्यानें पाठ करण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं, समजलें नसेल त्याला कोणतेंही मार्गदर्शक तारूं शकणार नाहीं. असा प्रश्न एक वर्ष आला कीं पुढच्या वर्षीं प्रत्येक वर्गांत पट्ट्या कापल्या जातील. सक्तीचीं परिपत्रकें जें करूं शकत नाहींत तें एक प्रश्न करील.

आणि पालकांसही एक सांगणें आहे. मुलाच्या हातांतलें पुस्तक मिटवावें आणि त्याला बोंबलाचा प्रश्न विचारावा. घर शाकाहारी असेल तर वरणभाताचा. त्यानें व्याख्या म्हणून दाखविली तर समाधान मानूं नये. "तुझ्या शब्दांत सांग," असें म्हणावें आणि तें सांगेपर्यंत थांबावें. अडखळत, चुकत, घरच्या बोलींत तें जें सांगेल, तें त्याचें पहिलें भाषांतर असेल. गुणपत्रिकेंत त्याला जागा नाहीं. पण शिक्षण म्हणून ज्याला म्हणतात तें त्या अडखळण्यांतच सुरू होतें.